ईबी-१ए की एनआयडब्ल्यू? भारतात जन्मलेल्या संशोधकासाठी

अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी या दोन्ही वाटांनी संशोधकाला स्वतःच अर्ज करता येतो, कंपनी किंवा विद्यापीठाचा पाठिंबा लागत नाही. फॉर्मही एकच, आय-१४०.

ईबी-१ए ही ‘असाधारण क्षमते’ची वाट. नोबेलच्या तोडीचा पुरस्कार नसेल तर १० निकषांपैकी किमान ३ दाखवायचे. स्वतःचे शोधनिबंध आणि इतरांच्या निबंधांचं परीक्षण बहुतेक पोस्टडॉककडे असतंच. घोडं अडतं ते ‘मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान’ सिद्ध करताना. शिवाय ३ जमले तरी अधिकारी सगळं एकत्र तोलून नकार देऊ शकतो.

एनआयडब्ल्यू म्हणजे ईबी-२ (उच्च पदवीधरांच्या गटा)मधली राष्ट्रहिताची सवलत, म्हणजे नोकरी देणाऱ्याची अट माफ. ‘धनासर’ या स्थलांतर प्रकरणातल्या २०१६च्या निकालापासून इथे भर कामाच्या महत्त्वावर आणि ते पुढे नेण्याच्या तुमच्या कुवतीवर असतो. पीएचडीधारकाला हे तुलनेनं सोपं.

पण मंजुरी म्हणजे कार्ड नव्हे. रांग जन्मदेशावर ठरते. भारतीयांसाठी ईबी-२ची रांग दशकाहून लांब, ईबी-१ची (ईबी-१ए याच गटात येते) त्यामानाने बरीच आखूड. माझं मत विचाराल तर आधी एनआयडब्ल्यू टाकून तारीख पकडा, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा दिवस, ज्यावरून रांगेतली जागा ठरते. एनआयडब्ल्यू मंजूर झाली की तीच तारीख पुढे ईबी-१एलाही चालते. ब्राझीलच्या सहकाऱ्याचा सल्ला मात्र घेऊ नका, त्याच्या जन्मदेशाची रांग वेगळी, म्हणून त्याचा हिशेबच निराळा.