आबांचं 'पूर्वी स्टार' अखेर नोंदीवर आलं

सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांबद्दल लिहायलाच हवं. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, जंगी पलटणीचे. डिसेंबर 1971 च्या युद्धात जमालपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लढले. पण डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, फक्त संग्राम मेडल! पूर्व आघाडीवर लढणाऱ्यांना मिळालेल्या पूर्वी स्टार या पदकाची नोंदच नव्हती. आधी दोनदा पाठवलेला अर्ज 'नोंद आढळत नाही' म्हणून परत आला होता.

या संघटक साहेबांनी आबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि भिंग घेऊन ते पिवळं पान वाचलं. सर्व्हिस नंबरातला 7 कुणीतरी 1 केला होता! मग अर्ज स्वतः लिहून दिला, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडली, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. वेळ मात्र लागतो. आम्हाला सात महिने लागले. पोस्टाची पावती आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स जपून ठेवा.

एक पैसा मागितला नाही. दुरुस्तीचं पत्र आलं तेव्हा आबांनी ते दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाले, "बापू असता तर त्याला दाखवलं असतं." बापू त्यांचा पलटणीतला जोडीदार, जमालपूरहून परतलाच नाही.