वरिष्ठांकडे अर्ज की हायकोर्टात रिट?

फेसबुकवर लिहिलं म्हणून पोलिसांनी ठाण्यात बसवून ठेवलं आणि पोस्ट काढायला लावली, तर दाद मागायच्या दोन मुख्य वाटा आहेत. मी दोन्ही चाललो आहे.

पहिली वाट वरिष्ठांकडे अर्ज करण्याची. खर्च नाही, वकील नको. तिचा उपयोग होतच नाही असं मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरून अटक झाली, तेव्हा आठ-नऊ दिवसांत दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले होते. पण तेव्हा सगळ्या देशाचं तिकडे लक्ष होतं.

मी गावच्या पाण्याच्या टेंडरबद्दल लिहिलं होतं. रात्री अकरापर्यंत बाकावर बसवून माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. अर्ज केल्यावर तीन आठवड्यांनी जबाबासाठी फोन आला, तो त्याच ठाण्यातून. अर्ज 'चौकशीसाठी' खाली उतरत तिथेच पोचला होता. त्याच बाकावर बसून, ज्या साहेबांविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच हाताखालच्या हवालदाराला मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण कागदावर उतरलं ते 'समज देऊन सोडले' एवढंच. मी सही केली नाही. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

दुसरी वाट रिटची, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात करायच्या याचिकेची. तिला पैसा लागतो, तारखा पडतात, आणि नेमकं काय घडलं याबद्दलच वाद असेल तर न्यायालय अनेकदा त्यात शिरत नाही. भरपाई मिळाली तरी ती बहुधा सरकार देतं. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेत जाण्यापासून अडवून डांबलं, त्याचे ५०,००० रुपये १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला भरायला लावले. तरीही मला ही वाट बरी वाटते. आकसाचा आरोप असेल तर अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं. 'पोस्ट काढ' हे तोंडी सांगणाऱ्या साहेबांना, ते कोणत्या कायद्याखाली सांगितलं, हे शपथेवर लिहावं लागलं. ते प्रतिज्ञापत्र हातात आलं त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

फौजदारी तक्रारीचा विचार मारहाण झालेल्यांनी जरूर करावा. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी खटल्याला सरकारची मंजुरी लागते. मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं. नोकरी परगावी असेल, वकिलाची फी झेपत नसेल, तर आधी अर्जच करा, पण चौकशी दुसऱ्या ठाण्याकडे द्यावी हे त्यातच लिहा. आणि वाट कोणतीही धरा, दुसऱ्याच दिवशी सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी करून पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यांनी ते १८ महिने, निदान वर्षभर तरी, ठेवायचं असतं. मी ती मागणी पाच महिन्यांनी केली.