सर्च कन्सोल आणि काउंटरवरची वही: दुकानासाठी आठ महिने लेख लिहिल्यानंतरचा अनुभव

आमचं जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. नळ्या, ड्रीपर (नळीवर बसवायचं, थेंबथेंब पाणी सोडणारं बोंड), फिल्टर, व्हॉल्व, जोडणीचं सगळं. दुकान सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी उभं केलं. हिशेब माझ्याकडे असतो आणि गेल्या जूनपासून दुकानाच्या वेबसाइटवरचे लेखही मीच लिहिते. आठ महिन्यांत २७ लेख झाले. या सगळ्या काळात गुगलचं सर्च कन्सोल वापरलं, म्हणजे आपली वेबसाइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन. धंद्यासाठी स्वतः लिहिणाऱ्याला ते कुठे कामाला येतं आणि कुठे येत नाही, ते सविस्तर सांगते.

त्याआधी एका शहरातल्या एजन्सीकडून आम्ही बारा लेख लिहून घेतले होते. ‘आधुनिक सिंचन पद्धतीचे बहुविध फायदे’ अशा धाटणीचे. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, पण हे चोपड्याच्या दुकानातून आलंय असं एका ओळीवरूनही कळत नव्हतं. आप्पांनी त्यातला एक वाचला आणि विचारलं, “यातून गिऱ्हाइकाला आपण काय सांगितलं?” मला उत्तर देता आलं नाही. पुढचे लेख घरीच लिहायचे, हे त्याच दिवशी ठरलं.

सर्च कन्सोल फुकट आहे. वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं, ते काम भाच्याने करून दिलं. मग आपला लेख गुगलच्या शोधात किती वेळा दिसला, किती जणांनी उघडला, दिसण्याच्या मानाने उघडण्याचं प्रमाण किती आणि तो सरासरी कितव्या जागी येतो, एवढं समोर येतं. पक्के आकडे दोनतीन दिवस मागे असतात, त्याने आपलं काही अडत नाही. माझ्या दृष्टीने खरा ऐवज आकड्यांच्या खाली आहे. लोकांनी काय शब्द टाइप केले, त्यांची यादी तिथे असते.

पहिल्या महिन्यात ती यादी मी रात्री जेवणं आटोपल्यावर वाचत बसायची. लोक ‘ठिबक’इतकंच ‘ठिंबक’ लिहितात. अर्धेअधिक जण मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितात. आणि ‘सूक्ष्म सिंचन’ कोणीच लिहीत नाही. एजन्सीच्या बाराही लेखांत तो शब्द होता.

केळीवरच्या हरण्याचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. दुकान ठिबकचं असलं तरी तापीकाठचा शेतकरी काउंटरवर बागेचं सगळंच बोलतो, म्हणून या रोगावर लिहिलं. पहिल्या वेळी मथळ्यात ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ घातलं. नाव बरोबरच आहे. लेख मात्र पडून राहिला. यादीत पाहिलं तर लोक ‘केळी हरण्या’, ‘हरण्या औषध’ शोधत होते. मथळा बदलला, आणि त्यांच्या ‘औषध’ या शब्दाला पहिल्याच ओळीत उत्तर दिलं: हरण्या लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही, ते झाड उपटून नष्ट करायचं. त्याखाली कारण लिहिलं, की हा विषाणू मावा पसरवतो, म्हणून माव्याचा बंदोबस्त करायचा आणि बागेत किंवा बागेलगत काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची घ्यायची नाही. शास्त्रीय नाव खाली एकदा ठेवलं. हा लेख आजही रोज उघडला जातो.

पण नुसत्या यादीवरून लेख होत नाही, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

एक शेतकरी रुमालात नळीचा हातभर तुकडा बांधून घेऊन आले. काउंटरवर ठेवून म्हणाले, “ताई, शेवटना झाडले पानीच भेटत नही.” त्यांना एकराच्या सगळ्या नळ्या बदलायच्या होत्या. आप्पांनी ड्रीपर उपसला आणि काचेवर आपटला. चिमूटभर पांढरी पूड पडली. आप्पांनी आतून बाटली आणून त्यावर पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकले. पूड फसफसली आणि विरघळली. “हा चुना आहे बोअरच्या पाण्याचा. नळी चांगली आहे, भाऊ. धुवायची आहे,” एवढंच बोलले.

त्या रात्री मी लिहिलं ते जसंच्या तसं या प्रसंगावरून. मथळा, ‘शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही? नळ्या बदलण्याआधी हे करा’. आधी फिल्टर उघडून धुवा. मग प्रत्येक नळीचं टोक सोडून गढूळ पाणी जाऊ द्या. तरी फरक पडला नाही तर ड्रीपर उपसून बघा. पांढरं, कडक साचलं असेल तर ॲसिड. हिरवं, बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला ब्लिचिंग. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. आणि ॲसिड न् ब्लिचिंग एकत्र आलं तर विषारी क्लोरिन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एका वेळी मुळीच नाही. पाण्याचा सामू (पीएच) किती खाली आणायचा, पाणी नळ्यांत किती वेळ ठेवायचं, हे पुढे पायरीपायरीने. फोटो दोनच टाकले: चुना साचलेला ड्रीपर आणि धुतलेला, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

पोस्ट करण्याआधी आप्पांना वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, ‘क्षारांच्या संचयामुळे उत्सर्जन छिद्रे अवरुद्ध होतात’. आप्पांनी हात वर केला. “भाऊंशी मी असं बोललो का?” ती ओळ ‘चुना साचतो आणि भोक बुजतं’ अशी झाली. तेव्हापासून प्रत्येक लेख आप्पांना मोठ्याने वाचून दाखवते. जिथे माझाच श्वास अडतो किंवा त्यांची मान खाली जाते, ते वाक्य बदलते. एवढी चांगली तपासणी मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

त्या लेखाने त्या आठवड्यात आमच्या नळ्या विकल्या गेल्या नाहीत, उलट विक्री थांबली असेल. पण ते भाऊ दिवाळीनंतर नव्या कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावतात त्या केळीच्या बागेची) पूर्ण जोडणी आमच्याकडून घेऊन गेले, सोबत शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन आले. त्या शेजाऱ्याने फोनवर तोच लेख उघडून दाखवला.

सर्च कन्सोलच्या मर्यादा इथेच दिसतात. वाचक कुठल्या शब्दाने दारापर्यंत आला ते कळतं, आत आल्यावर किती वाचलं ते नाही. त्यासाठी गुगलचंच ॲनालिटिक्स हे दुसरं साधन वेगळं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंकवरून आलेले लोक त्यात मोजलेच जात नाहीत, आणि आमच्याकडे तर लेख फिरतो तो तिथूनच. देश निवडून बघता येतो, जिल्हा नाही. अगदी मोजक्या लोकांनी शोधलेले शब्द खासगीपणासाठी लपवलेले असतात, म्हणून बेरीज पूर्ण जुळत नाही.

नुसती गर्दी आणि टिकणारा वाचक यांतला फरक मला अनुदानावरच्या लेखाने शिकवला. ‘प्रति थेंब अधिक पीक’ या ठिबक अनुदानाच्या योजनेत केंद्राच्या नियमाने अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान, मर्यादा ५ हेक्टर, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, एवढं लिहिलं. आलेख सरळ वर गेला. आमच्या सगळ्या लेखांत सर्वाधिक दिसलेला लेख हाच. पण त्यावरून दुकानात आलेलं माणूस जवळजवळ नाही, आणि दुसरा लेख वाचायलाही कोणी थांबलं नाही. ज्याला एक आकडा हवा होता, तो आकडा घेऊन गेला. असे लेख लिहू नयेत असं मी म्हणत नाही, लोकांना ती माहिती हवी असते. मात्र वर तारीख टाका, नियम बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि त्या गर्दीवर समाधान मानू नका.

टिकणारा वाचक मोजायला मी काउंटरवर साधी वही ठेवली आहे. “लेख वाचून आलो” म्हणणाऱ्याची रेघ, आणि शेजारी त्याने विचारलेला प्रश्न, त्याच्याच शब्दांत, अहिराणीत असेल तर अहिराणीत. पुढचा लेख तिथून निघतो. सर्च कन्सोलच्या यादीत बघते ती फक्त त्यासाठी लोक कुठला शब्द टाइप करतात एवढ्यापुरती. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत) २५६ जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह करून घेणं हे मी लेखनाचंच काम समजते. पहिली यादी जानेवारीत भरली.

नव्याने सुरू करणाऱ्याने वेबसाइट झाली त्याच दिवशी सर्च कन्सोल जोडावं. जोडण्याआधीचं मागता येत नाही, आणि जोडल्यावर १६ महिन्यांपर्यंतचं बघता येतं. आमच्या धंद्यात हे फार मोलाचं आहे, कारण मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात त्या केळीचे) प्रश्न मे-जूनमध्ये येतात आणि कांदेबागेचे सप्टेंबरपासून. लागवड झाल्यावर टाकलेला लेख कोणी वाचत नाही. गेल्या वर्षी मृगबागेचा लेख मी जुलैत टाकला, उशीर झाला. यंदा तो मेच्या पहिल्या आठवड्यात जाईल, आणि मागच्या जूनचे शब्द समोर ठेवून लिहीन.

सध्या वहीत सगळ्यात जास्त प्रश्न उन्हाळी वाऱ्याचे आहेत. कालच एकाने विचारलं, वारा अडवायला बागेच्या कडेला शेवरीची झाडं लावली तर त्यांना ठिबकची वेगळी नळी लागेल का. आप्पांचं उत्तर लिहून घेतलंय, आज रात्री वाचून दाखवायचं आहे.