साकोलीजवळचं लोककला संग्रहालय: वाडा बघाच, पण चाडं चुकलंय

वाड्यासाठी जात असाल तर डोळे मिटून जा. आतल्या वस्तूंसाठी जात असाल तर सोबत एखादा म्हातारा शेतकरी न्या, पाट्यांच्या भरवशावर राहू नका. मी सुतार आहे, बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं करण्यात हयात गेली, त्यामुळे माझी नजर आधी लाकडावरच जाते. ते ध्यानात ठेवून वाचा.

साकोलीहून आतल्या रस्त्याला लागलं की मामा तलावाच्या (म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या) पाळीला लागून हा मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, वाडा आहे. १९५१ साली मालगुजारी गेली, घरची माणसं नागपूरकडे पांगली, मग बरीच वर्षं इथे नुसतं धान भरून ठेवत. बाहेरून रया गेलेलीच वाटते. ढेलजेतून, म्हणजे दाराजवळच्या देवडीतून, चौकात आलात की मात्र मान वर करा. सागाचे खांब, त्यावर हस्त, हस्तांवर तुळया, आणि सगळं कुसू-सालीत, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून, बसवलेलं. खिळा शोधत मी माळ्यापर्यंत गेलो, एक सापडला नाही. मागच्या कोपऱ्यात एक तुळई वाळवीने खाल्ली, तिथे लोखंडी गर्डर टाकून खालून पीओपी मारलंय. तिकडे बघू नका, जीव जळतो.

सगळ्यात लय भारी खोली तान्ह्या पोळ्याची. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवून पोरं तोरणाखाली आणतात, मग घरोघरी फिरून बोजारा मागतात. इथे ओळीने बैल मांडलेत. मुठीएवढ्या पांगाऱ्याच्या बैलापासून ते चार पोरांनी दोर लावून ओढायचा मालगुजाराच्या घरचा सागवानी बैल, सगळे आहेत. जुन्या कारागिराची शिंगं बघा. ती वेगळी घडवून डोक्यात साल पाडून बसवलेली आहेत, म्हणजे एक तुटलं तर दुसरं घालता येतं. वशिंडाची गोलाई तर अशी की हात फिरवावासा वाटतो.

आणि इथेच घोळ घातलाय. उद्घाटनाच्या आधी कुणीतरी हौसेने सगळ्या बैलांना चकचकीत ऑइलपेंट दिला. म्हाताऱ्या नवरदेवाला पावडर थापावी तसे दिसतात. वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव, पटाशीची रेघ, जे पाहून हात कुणाचा ते ओळखू येतं, ते सगळं रंगाखाली गेलं. राखणदार पोरगा माझं पुटपुटणं ऐकत होता. म्हणाला, "काकाजी, तुमी सुतार आहा का जी?" हो म्हटल्यावर त्याने मोठा बैल अलगद आडवा केला. पोटाला रंग लावायचा राहून गेला होता! तिथे वाकसाचे घाव अजून ताजे दिसतात. तुम्ही गेलात तर पोट दाखव म्हणा, तो दाखवतो.

पडवीत बंडी आणि दमणी (माणसं बसायची हलकी गाडी) उभ्या आहेत, हात लावू देतात हे चांगलं. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गोळा, बाभळीचा, आस धावड्याचा, काम चोख. पण चाक बनतं कसं याचा एक फोटो नाही. गोवऱ्यांच्या आगीत धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि पाटे (कडेचे तुकडे), आरे (मधल्या दांड्या), तुंबा सगळं एकमेकांत आवळून बसतं. पूर्वी हे बघायला अर्धं गाव जमायचं. पाटीवर फक्त "बैलगाडी" लिहिलंय. अरे, ते पहिलीच्या पोरालाही दिसतं.

तिफणीची, म्हणजे पेरणीच्या अवजाराची, गोष्ट तर हसावं की रडावं अशी. आमचा हा धानाचा मुलूख, तिफण आणलीय वर्धेकडून, कापूस-ज्वारीच्या भागातून. फण आहेत, बांबूचे नळे आहेत, पण ज्यातून बी सोडायचं ते चाडंच नाही. म्हटलं हरवलं असेल. पुढे स्वयंपाकघराच्या खोलीत गेलो तर चाडं तिथे, पाट्या-वरवंट्याच्या बाजूला, खाली पाटी: "लाकडी वाटी". तळाला भोकं असलेल्या वाटीत कोण वरण वाढतं?

बाकीच्या खोल्या उरकत्या घेतल्या तरी चालेल. कोशाच्या (टसर रेशमाच्या) हातमागाजवळ थोडं थांबा, करवतकाठी, म्हणजे करवतीसारख्या दात्यांच्या काठाच्या, लुगड्याचा तुकडा टांगलाय. काठ आणि अंग यांचे धोटे (आडवा धागा नेणारे) वेगळे असतात, आणि दोन्ही रंग जिथे एकमेकांत अडकतात तिथे दाते पडतात. ते जवळून दिसतं. माग मात्र बंद आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची खोली म्हणजे पोस्टरं आणि २०२३ साली तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली त्या बातमीचं कात्रण. खडी गंमत या लोकनाट्याची डफ काचेच्या पेटीत, आवाज कुठेच नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर जे चालतं ते भिंतीवर लावून कळत नसतं. त्यापेक्षा दिवाळीनंतर या आणि गावात जाऊन खरं नाटक बघा.

तिकीट वीस रुपये, शाळेच्या पोरांना फुकट. सोमवारी बंद. चपला ढेलजेतच काढाव्या लागतात, उन्हाळ्यात चौकाची फरशी तापते, म्हणून सकाळीच जा. संडास स्वच्छ आहे, पाणी प्यायला घरूनच न्या. जेवणाची सोय नाही, फाट्यावर तर्री-पोहे मिळतात. रस्त्यावर फलक नाही, तलावाची पाळ विचारत जा.

चाड्याचं मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलोय, तिफणीचं चित्र काढून कुठे बसतं तेही दाखवलंय. तुमच्यापैकी कुणी पोळ्याच्या सुमारास गेलं तर ते जागेवर आलं का तेवढं कळवा.