164 की 166? ट्रकच्या अपघातात माणूस गेल्यावर

घरचा कर्ता माणूस मालट्रकखाली गेला, की दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच कुणीतरी सांगत येतं, ‘पाच लाख लगेच मिळतील.’ ते खोटं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये मृत्यूसाठी 5 लाख ठरलेले आहेत. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही.

कलम 166 मध्ये ट्रकचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. एफआयआर, पंचनामा, साक्षीदार, तारखा. पण हिशेब बघा. वय 34, स्वतःचा धंदा, कमाई महिना 20,000, मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे 2,40,000, त्यात भावी वाढ 40 टक्के, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, गुणिले 16 (हा आकडा मृताच्या वयावरून ठरतो). झाले 40,32,000. अंत्यविधीचा खर्च वगैरे निराळा.

पुरावाच नसेल, तर 164 बरं. एरवी घाईत सही नको, कारण ते पैसे रीतसर स्वीकारले की 166 चा दावा संपतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, तीही सांभाळा. दावा मात्र आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. अपघात नागपूरला झाला म्हणून साताऱ्याहून खेपा घालायला नकोत.