मातीच्या गढीचा वॉक: जरूर करा, पण पुढे उभे राहा
नाशिकला गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीचा रविवारचा वॉक केला, एकदम पैसा वसूल. गाईड दादा १९५०-५१ चं उत्खनन सांगता सांगता थेट पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डायरेक्टर लोकांवरच घसरले, म्हणजे कत्रेंनी १९४८ ला संस्कृत कोशाचं काम काढलं (ते अजून चालूच आहे बरं का!), मग सांकलिया, ज्यांनी इथं नाशकात नि तिकडे संगमनेरजवळ जोर्व्याला शां. भा. देवांना घेऊन खणलं, आणि हे देवसुद्धा पुढे त्याच खुर्चीत बसले. नंतरचे डायरेक्टर ढवळीकर, त्यांना मात्र दोन वाक्यांत गुंडाळलं, त्यांचं इनामगावचं उत्खनन राहिलंच की राव! माईक नाही, मागच्यांना काही ऐकू येत नाही. चहा आपापला.