बरणी, कॅप्सूल की साधी भाजी: पोटासाठी काय निवडायचं?

दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत कोबी, दोन्ही चवीला आंबट. एकीच्या लेबलवर फक्त कोबी आणि मीठ लिहिलेलं आहे, दुसरीवर कोबी, पाणी, व्हिनेगर, साखर, मीठ. पोटाला बरं म्हणून तुम्ही आंबट भाज्या खायला निघाला असाल, तर अर्धी निवड या लेबलावरच होते. पहिल्या बरणीतला आंबटपणा जिवाणूंनी तयार केलाय, दुसरीत तो वरून ओतलाय.

भाजी आंबते ती मिठामुळे. एक किलो कोबी बारीक चिरून त्याला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळलं की त्याला स्वतःचंच पाणी सुटतं. या खारट पाण्यात भाजी सडवणारे बरेच जिवाणू मागे पडतात आणि पानांवर आधीपासूनच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात. सुरुवातीला ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड बरणीतली हवा बाहेर ढकलतो. आम्ल वाढत गेलं की ते थकतात आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम पुढचं काम हाती घेतो. (२०२० मध्ये त्याचं नाव बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस झालं, पण जुनं नाव अजून सगळीकडे दिसतं.) शेवटी पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ३.५ पर्यंत उतरतो. पीएच ४.६ च्या खाली गेला की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकत नाहीत, म्हणून या आंबटपणाशी केवळ चवीचा संबंध नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी जवळून बघा. पाणी गढूळ झालेलं असतं, पानांच्या घड्यांत बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि झाकण सैल केलं की फुस्स आवाज येतो. माझ्या पहिल्या बरणीत दोन पानं पाण्याच्या वर राहिली आणि त्यांच्यावर हिरवट, केसाळ बुरशी धरली. सगळी बरणी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी भाजीवर वजन ठेवून ती पाण्याखालीच दाबते. पांढरा, पातळ, सपाट पापुद्रा आला तर तो बहुधा यीस्टचा असतो, तो काढून टाकता येतो. केसाळ किंवा रंगीत काही दिसलं तर मात्र मोह नको.

व्हिनेगरमधल्या भाजीत असं काही घडत नाही. ती आवडत असेल तर जरूर खा, पण तिच्याकडून जिवाणूंची अपेक्षा ठेवू नका.

आता थोडा गुंता. आंबवलेली भाजी टिकावी म्हणून ती कारखान्यात बरेचदा पाश्चराइज करतात, म्हणजे तापवतात, आणि त्यात जिवाणू मरतात. मग तिचा उपयोग संपला का? नॉर्वेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयबीएसचा, म्हणजे वारंवार पोट बिघडण्याचा त्रास असलेल्या ३४ जणांना सहा आठवडे रोज आंबवलेला कोबी दिला होता. काहींना जिवंत जिवाणूंचा, काहींना पाश्चराइज केलेला. त्रास दोन्ही गटांत कमी झाला. आंबवताना तयार झालेली आम्लं आणि कोबीतले तंतू उष्णतेनंतरही शिल्लक राहतात, त्यामुळे हे शक्य आहे. पण कोबीच न खाणारा तिसरा गट नव्हता, म्हणून 'काहीतरी उपचार चाललाय' या भावनेचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. माझं मत विचाराल तर फ्रीजमधली, पाश्चराइज न केलेली बरणी घ्या आणि ती शिजवू नका. तशी मिळाली नाही तर फार हळहळायचं कारण नाही.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू भरलेल्या कॅप्सूलची बाजू यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात कोणता जिवाणू आहे आणि किती आहेत, हे ठरलेलं असतं. बरणीत ते दर खेपेला बदलतं, म्हणूनच काटेकोर अर्थानं आंबवलेल्या भाजीला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. पण ठरलेलं असणं म्हणजे उपयोगी असणं नव्हे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पोटाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही, काही मोजक्या परिस्थितींचा अपवाद आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांवर अभ्यास केला. त्यात ११ प्रकारचे जिवाणू असलेलं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. त्यामुळे डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी सांगितली असेल तरच कॅप्सूल घ्या. 'घेऊन ठेवू' म्हणून नको.

खरी चुरस आंबवलेली भाजी आणि तंतुमय आहार यांच्यात आहे. स्टॅनफर्डमधल्या सॉननबर्ग आणि गार्डनर यांच्या गटानं २०२१ मध्ये ३६ निरोगी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १० आठवडे एका गटानं भरपूर आंबवलेले पदार्थ खाल्ले, दुसऱ्यानं भरपूर तंतू. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. तंतूंच्या गटात सरासरी विविधता वाढली नाही. विशेष म्हणजे नव्यानं दिसलेले बहुतेक जिवाणू त्या पदार्थांतून आलेले नव्हते. म्हणजे बरणीतले जिवाणू आतड्यात घर करतात असं नाही, ते बहुधा तिथलं वातावरण बदलतात.

हे वाचून तंतू सोडू नका. त्या लोकांनी दिवसाला सहाएक वाट्या-पेले आंबवलेले पदार्थ घेतले होते, त्यांत भाज्यांबरोबर दही, केफिर (आंबवलेलं दूध), कोंबुचा (आंबवलेला चहा) हेही होतं. एक चमचा कोबीकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतूंवरच जगतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. ताटात आधीच भाज्या, कडधान्यं, फळं पुरेशी असतील तर आंबवलेली भाजी ही चांगली भर आहे. ती नसतील तर सुरुवात तिथून करा, बरणी नंतर.

मिठाचा हिशेब सगळ्यांनीच करावा. अशा १०० ग्रॅम भाजीत साधारण दोन ग्रॅम मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर ही निवड तुमच्यासाठी वेगळी ठरते. धुऊन घेतली तर मीठ कमी होतं, पण जिवाणूही वाहून जातात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९३ मध्ये आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्यांना 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या गटात ठेवलं, त्यामुळे रोज वाडगाभर खाण्याच्या मी विरोधात आहे.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, नैराश्यासाठी एमएओ इनहिबिटर गटातली गोळी असेल किंवा आंबवलेल्या पदार्थांत असणाऱ्या हिस्टामिन या रसायनानं डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरणी उघडू नका. आयबीएसवाल्यांनीही जपून, कारण कोबी आंबताना मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ तयार होतो आणि काहींचं पोट त्यानं फुगतं.

घ्यायचं ठरलंच तर जेवणासोबत एक चमचा, आठवडाभर तेवढाच. दुसऱ्या आठवड्यात दोन. सुरुवातीला थोडा गॅस होतो, तो बहुतेकांचा ओसरतो. तिसऱ्या आठवड्यातही पोट दुखत असेल तर थांबा. आणि शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर बरणी की कॅप्सूल हा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.